संघटनेचा किमान दर, व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि स्पर्धा आयोग

मस्जिद बंदर भागातील पॅकिंग साहित्याच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संघटनेने परिपत्रक काढून सभासदांसाठी किमान विक्रीदर आणि उधारीची कमाल मुदत ठरवून दिली, आणि जो ती पाळणार नाही त्याला माल देऊ नये असे उत्पादकांनाही कळवले. एका नाराज सभासदाने ते परिपत्रक जोडून भारतीय स्पर्धा आयोगाकडे ‘माहिती’ (स्पर्धा कायद्याच्या भाषेत तक्रार) दाखल केली आहे. दुसरीकडे एक मोठे ऑनलाइन व्यासपीठ हाच माल या व्यापाऱ्यांच्या खरेदीभावाच्याही खाली विकत आहे. सचिवांचे म्हणणे असे की, राज्यघटनेने व्यवसाय करण्याचे आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिलेले असताना आयोग छोट्या व्यापाऱ्यांना कसा अडवू शकतो, आणि त्या व्यासपीठाला मात्र का अडवत नाही?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण ते सचिवांना आवडणार नाही. अनुच्छेद १९(१)(छ) मधील व्यवसाय-स्वातंत्र्य तुम्हाला शासनापासून संरक्षण देते, प्रतिस्पर्ध्यापासून नव्हे. स्पर्धा कायदा प्रतिस्पर्ध्यांच्या वागणुकीकडे पाहतो, पण तोही व्यापाऱ्याला नव्हे तर बाजारातील स्पर्धेला जपतो. राज्यघटना तुमच्या मदतीला येते ती आयोग तुमच्याशी कसा वागतो या टप्प्यावर, आणि तेथे ती बरीच उपयोगी पडते. हे तीन भाग एकमेकांत मिसळले की अर्ज चुकीच्या दारात जातो, आणि माझ्याकडे येणाऱ्या व्यापारी संघटनांच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच झालेले असते.

व्यवसाय-स्वातंत्र्यावर सर्वोच्च न्यायालयाने अगदी सुरुवातीला, १९५० मध्ये, दिलेला एक निर्णय विडीच्या धंद्याविषयी होता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून तत्कालीन मध्य प्रदेशातील काही गावांत विडी वळण्यावर सरसकट बंदी घातली गेली होती. शेतीला मजूर मिळवून देणे हा हेतू वाजवी असला, तरी त्यासाठी शेतात काम करू न शकणाऱ्या वृद्धांचे आणि अपंगांचेही काम बंद करणे हे हेतूच्या पलीकडे जाणारे होते, म्हणून ती बंदी रद्द झाली. निर्बंध आणि त्याचा हेतू यांत प्रमाण असले पाहिजे, हा विचार तेव्हापासून अनुच्छेद १९(६) मधील ‘वाजवी निर्बंध’ या कसोटीचा गाभा राहिला आहे. मुंबईकरांना याचे ठळक उदाहरण आठवत असेलच. डान्सबारवरील बंदीसाठी २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३-अ घालण्यात आले आणि त्याच दुरुस्तीने तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना सूट दिली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते रद्द केले व सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. एकच नृत्य श्रीमंतांच्या हॉटेलात चालते आणि सामान्य बारमध्ये मात्र नैतिकतेला धक्का देते, हा भेद टिकण्यासारखा नव्हताच. आभासी चलनांशी संबंधित व्यवहारांना बँक-सेवा देऊ नये, असे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक मार्च २०२० मध्ये रद्द झाले तेही प्रमाणबद्धतेच्या याच कसोटीवर. आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना त्यातून काही प्रत्यक्ष हानी झाल्याचे रिझर्व्ह बँक दाखवू शकली नव्हती.

या प्रत्येक प्रकरणात समोर शासन किंवा शासनाने निर्माण केलेली संस्था होती, हे लक्षात घ्यावे. शेजारी नवे दुकान उघडले म्हणून जुन्या दुकानदाराचा मूलभूत हक्क भंगत नाही. एका चित्रपटगृहाच्या मालकाने त्याच गावात होऊ घातलेल्या दुसऱ्या चित्रपटगृहाच्या ना-हरकत दाखल्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितले की, वाढणाऱ्या स्पर्धेमुळे होणारे व्यापारी नुकसान ही कायद्याने दखल घ्यावी अशी इजा नव्हे. म्हणून ऑनलाइन व्यासपीठाविरुद्ध अनुच्छेद १९ चा आधार घेऊन रिट याचिका करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा.

संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचीही तीच गत आहे. अनुच्छेद १९(१)(ग) संघटना स्थापण्याचा हक्क देतो, पण संघटनेला जे जे साध्य करायचे आहे ते साध्य करण्याची हमी देत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केले. संघटना असणे कायदेशीर आहे. तिने भाव ठरवणे हा वेगळा प्रश्न आहे.

स्पर्धा कायद्याचे घटनात्मक मूळ मूलभूत हक्कांत नसून मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ते समजून घेतले तर कायद्याचा रोख कळतो. अनुच्छेद ३९(ख) म्हणतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे. ३९(ग) म्हणतो की अर्थव्यवस्थेच्या चालण्यातून संपत्तीचे आणि उत्पादनसाधनांचे अहितकारक केंद्रीकरण होऊ नये. यातून १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम आला. त्या कायद्याला मोठेपणाचाच संशय होता. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर तो नव्या धोरणात बसेना, राघवन समितीने नवा आराखडा सुचवला आणि स्पर्धा अधिनियम, २००२ झाला; मात्र त्यातील करार व वर्चस्वाविषयीची कलमे ३ आणि ४ प्रत्यक्षात २० मे २००९ पासून अमलात आली आणि विलीनीकरणाविषयीची तरतूद १ जून २०११ पासून. नव्या कायद्यात मोठे असणे हा दोष उरला नाही. मोठेपणाचा गैरवापर आणि परस्परांतील संगनमत हे दोष ठरले. सचिवांच्या तक्रारीतील सल इथेच आहे. ‘ते इतके मोठे आहेत’ हे जुन्या कायद्यापुढे वजनदार म्हणणे होते, आता ते केवळ प्रास्ताविक आहे.

मार्गदर्शक तत्त्व हे स्पर्धा कायद्याचे मूळ असले, तरी ते त्याविरुद्धची ढाल होत नाही, हे कोल इंडियाच्या प्रकरणात १५ जून २०२३ रोजी स्पष्ट झाले. तक्रारदारांमध्ये आपली महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीही होती. कोळशाच्या पुरवठा-करारांतील अटी एकतर्फी असल्याचे तिचे म्हणणे होते. कोल इंडियाचा युक्तिवाद असा की, १९७३ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने कोळसा सर्वांच्या हितासाठी शासनाकडे आला, अनुच्छेद ३९(ख) साठीच ही मक्तेदारी आहे, तेव्हा तिला स्पर्धा कायदा कसा लागू होईल? न्यायालयाने तो फेटाळला. सार्वभौम कार्ये कायद्याने वगळली आहेत, पण कोळसा विकणे हे सार्वभौम कार्य नव्हे. शिवाय कायद्याच्या कलम १९(४) मध्ये वर्चस्व ठरवताना ते एखाद्या कायद्यामुळे मिळाले आहे काय हे पाहावे असे लिहिलेलेच आहे, म्हणजे कायद्याने दिलेली मक्तेदारी या कायद्याच्या कक्षेत यावी हे संसदेला अभिप्रेतच होते. सरकारी मक्तेदारीलाही जर ३९(ख) मागे लपता येत नसेल, तर छोट्या व्यापाऱ्यांच्या संघटनेला ‘आम्ही केंद्रीकरणाविरुद्धच लढत आहोत’ असे म्हणून सुटता येणार नाही. (जाता जाता, ३९(ख) चा सर्वांत गाजलेला अलीकडचा निवाडाही मुंबईचाच आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या संपादनाच्या म्हाडा कायद्यातील तरतुदीवरून आलेल्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही.)

आता परिपत्रकाकडे येऊ. कलम ३(३) नुसार एकाच प्रकारच्या धंद्यातील लोकांनी किंवा त्यांच्या संघटनेने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे खरेदी-विक्रीचा दर ठरवला, पुरवठा मर्यादित केला किंवा ग्राहक वाटून घेतले, तर स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम झाला असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोडता येते, पण त्याचा भार तुमच्यावर असतो आणि ‘दर वाजवी होता’ हे त्याचे उत्तर नाही. संघटनेचा निर्णय हा स्वतंत्रपणे पकडला जातो. परिपत्रकावर सही करणारे आणि ठराव मांडणारे पदाधिकारी कलम ४८ खाली व्यक्तिशः जबाबदार धरले जाऊ शकतात. उधारीची मुदत ठरवणे हेही व्यापाराच्या अटीच ठरवणे आहे. आणि उत्पादकांना ‘याला माल देऊ नका’ असे कळवणे ही या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत अडचणीची बाब आहे, कारण तेथे संघटना दर सुचवण्यावर न थांबता शिक्षाही करू लागते. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी नवा स्टॉकिस्ट नेमण्याआधी आपले ना-हरकत पत्र सक्तीचे केले होते, त्यावर आयोगाने वारंवार कारवाई केली ती याच कारणाने.

मुंबईतील एक प्रकरण संघटनांनी आवर्जून वाचावे. २००९ मध्ये उत्पन्नाच्या वाटपावरून वाद झाला, तेव्हा हिंदी चित्रपट निर्माते व वितरकांनी एकत्र येऊन एप्रिलपासून काही आठवडे मल्टिप्लेक्समध्ये नवे चित्रपट देणे बंद केले. मल्टिप्लेक्सचालकांची संघटना आयोगाकडे गेली. निर्मात्यांपैकी काहींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेऊन सांगितले की, चित्रपट ही स्वामित्वहक्काची वस्तू आहे, तिच्यासाठी स्वामित्वहक्क मंडळ आहे, आयोगाला अधिकारच नाही. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ती याचिका नामंजूर केली. अधिकारक्षेत्राचा हा प्रश्न वस्तुस्थिती आणि कायदा यांत गुंतलेला असल्याने आयोगापुढेच मांडावा, असे सांगितले. पुढे मे २०११ मध्ये आयोगाने संगनमत झाल्याचे ठरवून निर्मात्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. आकडा लहान होता. तेव्हा आयोग नवा होता आणि आपले वजन अजून जोखत होता. आज तसा दिलासा गृहीत धरू नये.

दंडाच्या आकड्याविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण राज्यघटना आणि स्पर्धा कायदा यांची सर्वांत थेट गाठ येथे पडते. कायदा आधीच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाची परवानगी देतो. कार्टेलच्या (संगनमताने दर वा पुरवठा ठरवणाऱ्या गटाच्या) बाबतीत ते चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या दंडाची. पण कोणती उलाढाल? अन्न महामंडळाच्या निविदांमध्ये धान्य-साठ्यासाठीच्या कीटकनाशक गोळ्यांचे भाव संगनमताने भरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये उत्तर दिले की, ज्या उत्पादनात कायद्याचे उल्लंघन घडले त्याचीच उलाढाल धरावी. दहा वस्तू बनवणाऱ्याने एका वस्तूत चूक केली तर दहाही वस्तूंवर दंड लावणे प्रमाणाबाहेरचे होईल. विडीच्या खटल्यातील प्रमाणाचा विचार साडेसहा दशकांनी दंडाच्या गणितात असा उतरला. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने संसदेने ‘उलाढाल’ म्हणजे सर्व उत्पादनांची जागतिक उलाढाल अशी व्याख्या केली आणि मार्च २०२४ मध्ये ती लागू झाली. त्याबरोबर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आयोग आरंभ संबंधित उलाढालीपासूनच करतो आणि तिच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जागतिक उलाढालीचे १० टक्के ही वरची मर्यादा आहे; कार्टेलला मात्र वर सांगितलेली वेगळी मर्यादा लागू होते. एकाच मालात व्यापार करणाऱ्या तुमच्या सभासदांना या वादाचा फारसा फायदा नाही, कारण त्यांची सगळी उलाढाल ‘संबंधित’च आहे. पण ज्यांचे इतरही धंदे आहेत त्यांनी हिशेबाची विभागणी आताच स्वच्छ करून ठेवावी.

आयोगावर राज्यघटनेचा अंकुश असतो तो असा. आयोग पाहतो, चौकशी लावतो, ऐकतो आणि दंडही करतो. ही सगळी कामे एकाच संस्थेकडे असणे अधिकार-विभाजनाच्या तत्त्वात बसते काय, असे आव्हान २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ऐकले. मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांवरून निघालेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने कायद्याची चौकट वैध ठरवली, पण अध्यक्षांना दुसरे, निर्णायक मत देणारे कलम २२(३) रद्द केले आणि अंतिम सुनावणीत न्यायिक सदस्य असावा असे सांगितले. त्याआधी २०१० मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की, कलम २६(१) खाली महासंचालकांना (आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना) चौकशी करण्यास सांगणे हे प्रशासकीय स्वरूपाचे पाऊल आहे, त्याआधी तुमचे म्हणणे ऐकण्याचा हक्क तुम्हाला नाही. त्यामुळे ‘आम्हाला न विचारताच चौकशी लावली’ ही तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जाण्याने वेळ आणि फी यांपलीकडे काही जात-येत नाही. चौकशी अहवाल हाती आल्यावर मात्र कागदपत्रे पाहण्याचा, ज्यांच्या जबाबावर भिस्त आहे त्यांची उलटतपासणी मागण्याचा आणि सविस्तर सुनावणीचा आग्रह जरूर धरावा. तेथे आयोग चुकला तर अपील टिकते.

अनुच्छेद २२६ खालील, म्हणजे उच्च न्यायालयातील रिट, याचिका खरोखर केव्हा चालते, याचे उत्तर दूरसंचार प्रकरणात मिळते. नव्याने आलेल्या जिओला जुन्या कंपन्या आंतरजोडणीची (एका कंपनीचे कॉल दुसरीच्या जाळ्यात नेणारी) पुरेशी ठिकाणे देत नाहीत आणि त्यामागे संगनमत आहे, अशी तक्रार होती. आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये चौकशी लावली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी तो निर्णय उचलून धरला. याचा अर्थ दूरसंचार क्षेत्र आयोगाच्या बाहेर आहे असा नव्हे. किती ठिकाणे देणे बंधनकारक होते आणि ती दिली गेली की नाही हे आधी दूरसंचार नियामक ट्रायने ठरवायचे, आणि त्यातून संगनमताचा भाग दिसला तर मग आयोगाने हात घालायचा, असा क्रम न्यायालयाने लावून दिला. जेथे क्षेत्रीय नियामक आहे, तेथे हा क्रम पाळावा लागतो. मुंबईच्या विजेचेही तसेच आहे: २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला शहरातील किरकोळ ग्राहकांनाही वीज पुरवण्याचा हक्क असल्याचे सांगितले, आणि एकाच भागात दोन परवानाधारक असण्याची मुभा मुळात विद्युत अधिनियम, २००३ मध्येच आहे, वर्चस्वाच्या गैरवापरावर निर्देश देण्याचा अधिकारही त्याच कायद्याच्या कलम ६० ने वीज नियामक आयोगाला दिला आहे. पॅकिंग साहित्याला मात्र कोणी क्षेत्रीय नियामक नाही, त्यामुळे हा बचाव तुमच्या कामाचा नाही.

ऑनलाइन व्यासपीठाबाबत स्पर्धा कायदा काहीच करू शकत नाही असे नाही. कलम ४ खाली खर्चाच्या खाली विकणे हा गैरवापर ठरू शकतो, पण तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: विक्रेत्याचे त्या बाजारात वर्चस्व आहे, भाव त्याच्या स्वतःच्या खर्चाच्या खाली आहे, आणि हेतू स्पर्धा कमी करण्याचा किंवा प्रतिस्पर्ध्याला हटवण्याचा आहे. ‘आमच्या खरेदीभावाच्या खाली’ हे पुरेसे नाही. त्याची खरेदी तुमच्यापेक्षा स्वस्त असू शकते. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराने चलन-वायद्यांच्या व्यवहारांवरील शुल्क माफ करून नव्या प्रतिस्पर्धी बाजाराला उभे राहू दिले नाही, असे ठरवून आयोगाने जून २०११ मध्ये ५५.५ कोटी रुपये दंड केला; तेथे दुसऱ्या विभागांतील नफ्याच्या बळावर या विभागातील तोटा सोसला जातो, असे आयोगाला दिसले होते. तुमच्या प्रकरणात अडचण संबंधित बाजार ठरवण्याची आहे. पॅकिंग साहित्याच्या घाऊक विक्रीत ऑनलाइन आणि दुकानातील विक्री एकच बाजार मानली गेली, तर त्या व्यासपीठाचा वाटा बहुधा वर्चस्वाइतका भरणार नाही. व्यासपीठ स्वतःच्या पसंतीच्या विक्रेत्यांना पुढे आणत असेल किंवा उत्पादकांशी एकमेव पुरवठ्याचे करार करत असेल, तर कलम ३(४) चा, म्हणजे उत्पादक आणि विक्रेता अशा वेगवेगळ्या पातळ्यांवरील करारांविषयीचा, मार्ग अधिक आश्वासक आहे, कारण त्यासाठी वर्चस्व सिद्ध करावे लागत नाही. माहिती दाखल करण्यास तुमचे नुकसान झालेले असणेही आवश्यक नाही. टॅक्सी-ॲपच्या भाड्यांबद्दलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की, कोणीही व्यक्ती माहिती देऊ शकते. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांची मुदत आहे.

परिपत्रकाबाबत करायचे ते असे. ते लेखी मागे घ्यावे, उत्पादकांनाही तसे कळवावे, आणि जुने इतिवृत्त, व्हॉट्सॲप गटातील संदेश यांतील काहीही नष्ट करू नये. पुरावा नाहीसा केला तर मूळ आरोपापेक्षा तेच जास्त महागात पडते. संगनमताची खरी माहिती आयोगाला देऊन दंडसवलत मागण्याचा अर्ज कलम ४६ खाली करता येतो आणि पहिल्या अर्जदाराला पूर्ण सवलतही मिळू शकते, पण ती सवलत पहिल्या येणाऱ्याची आहे. सभासदांचे हितसंबंध येथून पुढे एक राहत नाहीत, म्हणून संघटनेचा वकील आणि सभासदांचे वकील वेगळे असावेत. तडजोडीची नवी तरतूद कार्टेलला लागू नाही, तिच्यावर विसंबू नये. आयोगाचा आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते, परंतु आता दंडाच्या २५ टक्के रक्कम भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. त्या रकमेची सोय आधीपासून ठेवावी.

संघटनेने करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. कर, प्लास्टिकबंदीचे नियम, वाहनतळ, मालवाहतुकीच्या वेळा यांवर सरकारकडे एकत्र मागणी करण्यास कोणतीही अडचण नाही. मागील वर्षांची, नावे काढून एकत्रित केलेली आकडेवारी प्रसिद्ध करता येते. केवळ निर्यातीसाठी केलेले करार कलम ३(५) ने वगळले आहेत, त्यामुळे निर्यात करणाऱ्या सभासदांना त्या मर्यादेत एकत्र येता येईल. येत्या महिन्यात काय भाव ठेवायचा, हे मात्र बैठकीत कोणी काढले तर ते इतिवृत्तात आक्षेपासह नोंदवून विषय थांबवावा, आणि तरीही चर्चा चालू राहिली तर उठून बाहेर पडून तेही नोंदवून घ्यावे.